तारेवाचून दिवा



विजेचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपली दृष्टी सहजच धरणे, वीजगृहे आणि तारांचे खांब यांच्याकडे वळते. बेळगाव जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर असा इतिहास गोकाकपासून आरंभिणे उचित ठरेल. घटप्रभा नदी तेथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. त्या पाण्याच्या शक्तीवर सूतगिरणी चालविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, आणि पाण्यापासून वीज निर्माण करणाऱ्या आपल्या देशातील अगदी आरंभीच्या स्थळांत गोकाकची गणना होते. परंतु आज मला जिची हकीकत सांगावयाची आहे ती वीज तारेवरून धावणारी नव्हे. माणसाबरोबर प्रवास करणारी, पेटीत बंद करून गाडीवर घालता येणारी अशी ती वीज आहे. तिचा इतिहास तारेच्या विजेइतकाच जुना आहे; किंबहुना काकणभर अधिकच जुना आहे.

बेळगाव-निपाणीचा हा मुलूख फिरत्या माणसांचा मुलूख आहे. सौंदत्तीच्या यल्लमाला आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काला जाणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जुंपून निघत आले. रात्री माळावर गाड्या सोडावयाच्या, बैलांना वैरण टाकावयाची, तीन दगडांची चूल मांडावयाची आणि गाडीच्या छायेतच झोपावयाचे, हा त्यांचा क्रम. जत्रेमागून जत्रा करीत तमाशाचे फड फिरत. पुढे तंबूतला सिनेमा फिरू लागला. आणि दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडावयास येणाऱ्या टोळ्या उसाच्या फडालगत पाचटाच्या कोप्या घालून पाच-सहा महिने राहू लागल्या. घर सोडून उघड्यावर राहणाऱ्या या सर्वांची एक अडचण समान होती. ती म्हणजे दिव्याची.

फडाच्या रंगमंचावर आधी टेंभे जळत, नंतर गॅसबत्त्या फुसफुसू लागल्या. गाडीच्या जोखडाखाली कंदील हेलकावे खाऊ लागला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यात तयार होणारा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर पोहोचला, तो वाऱ्यात न विझण्याच्या गुणामुळेच. हे सारे दिवे तेलाचे होते, आणि तेल बाटलीत भरून नेता येते. वीज मात्र बाटलीत भरता येत नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. वस्तुस्थिती निराळी होती.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने जस्त आणि तांबे किंवा चांदी यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्याने भिजविलेले तुकडे ठेवून विजेचा अखंड प्रवाह मिळविला, ही गोष्ट १८०० सालची. वीज निर्माण करणारी चाके फिरू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे हा घट अस्तित्वात आला होता. पण तो एकदा संपला की संपला. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून असा घट तयार केला की, जो रिकामा झाल्यावर पुन्हा भरता येई. १८८१ साली कामिय फोर याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या भस्माचा लेप देऊन त्याची धारणशक्ती पुष्कळ वाढविली. आज मोटारीच्या तोंडाशी बसविलेली काळी पेटी ही त्याच घटाची वंशज होय. तिच्या पोटात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे दोन व्होल्टचा, आणि सहांचे मिळून बारा.

खेड्यात ही पेटी प्रथम शिरली ती मोटारीबरोबर, आणि तितकीच रेडिओबरोबर. जुन्या रेडिओत काचेच्या झडपा असत. त्या तापविण्यासाठी दोन व्होल्टचा भरता येणारा घट एक, आणि आवाज उमटविण्यासाठी नव्वद-शंभर व्होल्टांची कोरडी बॅटरी दुसरी, असा दुहेरी संसार मांडावा लागे. घट संपला की कोणीतरी तो आम्ल न सांडेल अशा बेताने तालुक्याच्या गावी न्यावयाचा, दुकानदाराकडे भरावयास ठेवावयाचा आणि मग परत आणावयाचा. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने शेतकऱ्यांच्या रेडिओ श्रवणमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, तो पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतून झाला. निपाणीला खेटून असलेला कोल्हापूर जिल्हा त्यात होता. शेतकऱ्यांनी ऐकावे, आपसांत बोलावे आणि प्रश्न लिहून पाठवावेत अशी ती योजना होती. अशा योजनेत बिनविजेच्या गावी वक्ता कितीही विद्वान असला तरी त्याचा आवाज अखेर पेटीतल्या बॅटरीच्या जिवावर अवलंबून असे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. विजेचे खांब उभारणारी मंडळे त्यानंतर वेगळी झाली. बॅटरी मात्र दोन्ही बाजूंना एकाच भावाने विकली जात राहिली. पुढे ट्रान्झिस्टर आला, झडपा गेल्या, आणि टॉर्चच्या चार सेलांवर गाणे ऐकत औताच्या मागे चालणारा शेतकरी दिसू लागला.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सारी हकीकत तिच्यावर उभी आहे. मोटारीची बॅटरी ही पैलवानासारखी आहे. क्षणभर मोठा जोर लावून इंजिन फिरविणे हे तिचे काम. रात्रभर दिवा-पंखा चालवून तिला तळापर्यंत रिती केली की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात आणि थोड्याच महिन्यांत ती निकामी होते. म्हणून घराघरांतील इन्व्हर्टरला जाड नळीदार पट्ट्यांची वेगळी बॅटरी जोडतात. तीही शिशाचीच, तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते आणि निम्म्याहून अधिक वीज नित्य न काढण्याचे पथ्य पाळावे लागते. याचा अर्थ असा की, शंभर अँपिअर-तासांच्या पेटीत नावाला १,२०० वॅट-तास वीज असली तरी हाती येते ती ६०० च्या आसपास. आणि एवढ्यासाठी पंचवीस-तीस किलोंचे ओझे वाहावे लागते.

या कोंडीतून वाट निघाली ती लिथियम या अत्यंत हलक्या धातूमुळे. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या परिश्रमांतून लिथियमचा घट आकारास आला, १९९१ साली तो बाजारात आला, आणि २०१९ साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध. लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगातून स्वस्त, टिकाऊ आणि सहसा पेट न घेणारा लिथियमचा घट करता येईल, असे त्यात दाखविले होते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात झालेल्या या कामावर गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. या पेटीतून ऐंशी टक्के वीज निःशंकपणे काढता येते. म्हणजे तेवढ्याच शंभर अँपिअर-तासांतून हजारावर वॅट-तास मिळतात, आणि वजन बारा-तेरा किलोंच्या घरात राहते.

अलीकडे हौसेने घराबाहेर राहणाऱ्यांचा एक नवा वर्ग उदयास आला आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी किंवा मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे घर घेऊन लोक आंबोली, तिलारी, चोर्ला या बाजूंना जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. अशा गाडीचा हिशेब पाहा. लहान शीतपेटी दिवसाकाठी साधारण ५४० वॅट-तास खाते, रात्रभर पंखा २००, दिवे ७५, एकूण ८१५. शिशाची एक पेटी येथे पहाटेपूर्वीच हात टेकते, लोह-फॉस्फेटची एक पेटी दिवस निभावून नेते. म्हणून जुनी पेटी काढून नवी बसविण्याकडे कल आहे.

तथापि हा बदल केवळ पेटी उचलून पेटी ठेवण्याचा नव्हे. नवी बॅटरी अधाशीपणे वीज ओढते. मोटारीच्या जनित्राला ती थेट जोडली तर जनित्रच तापून जळण्याचा संभव असतो, म्हणून मध्ये प्रवाह आवरून धरणारा चार्जर बसवावा लागतो. जुना चार्जर शिशाच्या सवयीचा असतो. तो बदलावा लागतो किंवा त्याची मांडणी बदलावी लागते. तारा पुरेशा जाड हव्यात आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, कारण बारा व्होल्टांचा धक्का बसत नसला तरी आग निश्चित लागते. गोठणबिंदूखाली ही बॅटरी भरू नये असे पथ्य आहे. आपल्या मुलखात त्याची चिंता नाही. आपल्याकडील अडचण पावसाची. दोनशे वॅटांचा सौर तावा निपाणीच्या माळावर हिवाळ्यात दिवसाला ७५० वॅट-तास देईल. वर्षाला सात मीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीत श्रावणात त्याच्यावर भिस्त ठेवणे व्यर्थ होय.

आता या इतिहासाच्या शेवटच्या अंगाकडे वळू. हौशी प्रवासी तीन दिवस तारेपासून दूर राहतो, तो स्वेच्छेने. ऊसतोड कामगार पाच-सहा महिने दूर राहतो, तो पोटासाठी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूंच्या साखर कारखान्यांच्या उसाला बीडसारख्या दूरच्या दुष्काळी भागातून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ती हंगामाला बांधली जाते. पहाटेच्या काळोखात उठून बाईने भाकरी थापावयाची, उजाडण्यापूर्वी फडात शिरावयाचे, गाडी भरता भरता रात्र व्हावयाची. पाचटाच्या कोपीत दिव्याची ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण, आणि दिवा नसणे म्हणजे सापाला. बरोबर आलेले मूल अंधार पडला की पाटी बाजूला ठेवते. मोबाइल भरावयास गावात कोणाच्या तरी दारी जावे लागते.

हिशेब मात्र फार थोड्याचा आहे. एका कोपीस पाच-पाच वॅटांचे दोन दिवे पाच तास, म्हणजे ५० वॅट-तास. मोबाइलसाठी आणखी १५. दहा कोप्यांचे मिळून ६५०. वर ज्या गाडीचा हिशेब मांडला तिची एक दिवसाची गरज याहून अधिक आहे. म्हणजे दोनशे वॅटांचा एक तावा आणि लोह-फॉस्फेटची एक पेटी यांवर दहा कुटुंबांची अख्खी टोळी उजेडात राहू शकते. आणि हंगाम हिवाळ्या-उन्हाळ्याचा असल्याने सूर्यही साथ देतो. हंगाम संपला की पेटी कारखान्याच्या गोदामात ठेवावी, पुढच्या वर्षी पुन्हा काढावी. हे करावयाचे कोणी, हा प्रश्न सीमाभागात थोडा अवघड होतो. मजूर एका राज्याचा, कोपी दुसऱ्या राज्याच्या जमिनीवर. कल्याणाचे खाते अलीकडे, उसाचा फड पलीकडे. परंतु ऊस ज्याच्या गाळपाला जातो तो कारखाना तर दोहोंच्या मध्ये ठामपणे उभा असतो. टोळी ठरविताना उचल, वाहतूक, कमिशन यांचा करार होतोच; त्यात या एका पेटीची भर पडली तर कारखान्याच्या ताळेबंदात ती शोधूनही सापडणार नाही. पण कोपीतल्या मुलाची पाटी संध्याकाळनंतरही दोन घटका उघडी राहील.