पाषाणातील रथ

रथ हे गतीचे प्रतीक, तर पाषाण हे स्थैर्याचे. या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न भारतीय शिल्पकारांनी शतकानुशतके केलेला आहे.

मावळातील भाजे लेण्यांत, इसवी सनापूर्वीच्या काळात खोदलेल्या एका विहारात चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. रथातील पुरुषाजवळ छत्र-चामर धरणाऱ्या दोन स्त्रिया असून रथाखाली विशालकाय राक्षस तुडविले जात आहेत. बहुतेक पंडित या पुरुषास सूर्य मानतात. काहींच्या मते तो चक्रवर्ती मांधाता होय. पुढे तेराव्या शतकात राजा नरसिंहदेवाने कोणार्कचे संपूर्ण मंदिरच चोवीस चाकांचा व सात अश्वांचा रथ म्हणून उभारले.

मराठी मनाला मात्र हंपीचा रथ अधिक जवळचा. तो विठ्ठलाच्या मंदिरासमोर उभा आहे. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी हंपीहूनच विठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणली, अशी वारकरी परंपरा आहे. रथ दिसतो एकसंध. वस्तुतः तो शिळा जोडून रचलेला असून ते विठ्ठलाच्या वाहनाचे, म्हणजे गरुडाचे मंदिर आहे. आज त्याच्यापुढे दोन हत्ती दिसतात. परंतु हत्तींच्या मागे घोड्यांच्या पायांचे व शेपटांचे अवशेष अजून ओळखता येतात. मूळचा रथ घोड्यांचाच होता.

जनवाड्याच्या वाचकास या कथेत आपल्या परिसराचाही धागा सापडेल. जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरचा पराभव करणाऱ्या सुलतानांत विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्याबरोबर शेजारच्या बिदरचा बरीदशाहही होता. त्यानंतर राजधानी उजाड झाली. रथ मात्र उभा राहिला.

तथापि रथाची झीज केवळ युद्धांमुळे झाली असे नव्हे. १८५६ सालच्या ग्रीनलॉ यांच्या छायाचित्रात रथावर विटांचे शिखर दिसते. ते आता नाही. चाके पूर्वी फिरत असत. पाहुण्यांच्या हौसेने ती झिजू लागली, तेव्हा ती पक्की बसवून टाकावी लागली. शत्रूच्या घावातून वाचलेल्या वस्तूस कौतुकाचे हात जड झाले!

बिदर-कलबुर्गीच्या खेड्यांतूनही घोडेस्वारांचे वीरगळ उन्हापावसात उभे आहेत. कोणी त्यांवर तैलरंग फासतो, कोणी त्यांची पायरी करतो. हंपीच्या रथाभोवती कठडा घालता आला. या शिळांना मात्र गावाच्या जाणतेपणावाचून दुसरा कठडा नाही.