रिव्हॉल्व्हरची घडण आणि युद्धकाळ : एक ऐतिहासिक विचार

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. या घटनेवर विपुल लेखन झाले आहे. परंतु शस्त्राची घडण हे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच अभ्यासली जाते. प्रस्तुत लेखात तत्कालीन राज्यकर्त्यांच्या, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या, रिव्हॉल्व्हरच्या आधारे हा विचार केला आहे.

ब्रिटिश लष्कराने वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये, तर एनफिल्ड क्रमांक २ हे रिव्हॉल्व्हर १९३२ मध्ये स्वीकारले. शांततेच्या काळातील नमुन्यांवर गुळगुळीत झिलई आढळते. दुसऱ्या महायुद्धात मात्र उत्पादनाचा वेग महत्त्वाचा ठरला. वेब्ली कंपनीने आपल्या खडबडीत रिव्हॉल्व्हरवर 'वॉर फिनिश' असा शिक्का मारला. एनफिल्डच्या १९४२ च्या नमुन्यात तर घोड्याचा सुरक्षा-अडसरच वगळण्यात आला. त्यामुळे शस्त्र हातातून पडल्यास गोळी सुटण्याचा धोका निर्माण झाला. युद्धानंतर ही शस्त्रे परत मागवून अडसर पुन्हा बसविण्यात आला.

संग्राहक या दोन्ही बदलांना सरसकट 'निकृष्ट घडण' म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यांत भेद करणे आवश्यक आहे. झिलई वगळल्याने केवळ शोभा कमी झाली. अडसर वगळल्याने युद्धाच्या घाईची जोखीम सैनिकाच्या माथी आली. कारागिराचे कौशल्य कमी झाले नव्हते, शासनाचा अग्रक्रम बदलला होता. तो अग्रक्रम कागदपत्रांइतकाच लोखंडातही वाचता येतो, हा या विवेचनाचा निष्कर्ष होय.