कम्मट्ठानाच्या शोधात

अध्यात्ममार्गातला गुरू म्हटला की मराठी मनापुढे उभी राहते ती मस्तकावर हात ठेवून अनुग्रह देणाऱ्या आणि शिष्याचा भवभार आपल्या शिरावर घेणाऱ्या सद्गुरूची मूर्ती. प्राचीन बौद्ध संघात मात्र ध्यानाचा विषय नेमून देणाऱ्या आचार्याला ‘कल्याणमित्र’ एवढेच म्हणत. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांपलीकडे ‘मी’ म्हणून बोट दाखवता येईल असा कोणी मालकच नाही, असे जे दर्शन सांगते, त्यात भार उचलायचा तो कोणी आणि कोणाचा, हा पेच उघडच होता. पण वाट दाखवणाऱ्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि म्हणून त्या लोकांनी वाटाड्या कसा शोधावा, त्याच्यापाशी कसे जावे आणि काय मागावे, याचा एक काटेकोर शिरस्ता घालून दिला.

हा शिरस्ता सर्वांत तपशीलवार नोंदला गेला तो इसवी सनाच्या पाचव्या शतकात, सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात बसून बुद्धघोषाचार्यांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात. ध्यानाचे चाळीस विषय, म्हणजे ‘कम्मट्ठाने’, सांगण्यापूर्वी ते विषय देणारा माणूस कसा असावा याची त्यांनी उतरंड लावली आहे: प्रथम साक्षात् बुद्ध, ते नसतील तर महाश्रावक, तेही नसतील तर अर्हत, मग अनागामी, सकदागामी, सोतापन्न, मग ध्यान साधलेला पृथग्जन, आणि असे करीत करीत अखेरीस अट्ठकथेसह एखादा निकाय मुखोद्गत असलेला नुसता विद्वान. अर्हत न मिळाला तर रिकाम्या हाताने परत फिरू नये, मिळेल त्या पायरीवरच्या माणसाकडे जावे, हा त्यामागचा व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो. शिष्याने जाताना छत्री, पादत्राणे आणि शिष्यांचा लवाजमा बरोबर न घेता आपले पात्र-चीवर आपणच वाहून न्यावे. पोचल्या दिवशीच विषय मागू नये. आचार्यांसाठी लहान, मध्यम आणि मोठे असे तीन प्रकारचे दंतकाष्ठ आणि ऊन व थंड असे दोन प्रकारचे पाणी ठेवून, लागोपाठ तीन दिवस ते ज्याचा वापर करतील तेच पुढे रोज ठेवावे. आणि आचार्यांनी स्वतः विचारपूस केली नाही, तर अशा सेवेत दहा दिवस किंवा एक पंधरवडा गेल्यावर मग आपल्या येण्याचे प्रयोजन सांगावे. त्यानंतरच शिष्य आपला ‘अत्तभाव’, म्हणजे आपले स्वत्व, आचार्यांच्या हवाली करतो. जो नाही असे पुढे कळायचे आहे, त्याचेच आधी विधिपूर्वक दान करून टाकायचे, यातला विनोद बुद्धघोषांना जाणवला नसेल असे मानणे कठीण आहे.

तिकडे आचार्यही स्वस्थ नसत. शिष्याची प्रकृती रागप्रधान, द्वेषप्रधान की मोहप्रधान, हे ओळखल्यावाचून विषय नेमता येत नसे, आणि ते ओळखण्याच्या खुणा मोठ्या घरगुती होत्या. विहाराचे अंगण झाडताना जो केरसुणी नीट धरून, घाई न करता, सारखे झाडतो तो रागप्रधान. जो ती आवळून धरतो आणि खरखर आवाज करीत दोन्ही बाजूंना वाळू उडवतो तो द्वेषप्रधान. आणि ज्याच्या हातातली केरसुणी सैल, कचरा अर्धा इकडे अर्धा तिकडे, तो मोहप्रधान. या खुणांना मूळ पालि वचनाचा पूर्ण आधार नाही, हे केवळ पूर्वाचार्यांचे मत आहे, असेही बुद्धघोष प्रांजळपणे सांगून टाकतात. मग कोणाला श्वास, कोणाला अस्थिपंजर, कोणाला शरीरातील चार धातू असा विषय मिळे. ‘आत्मा नाही’ हा सिद्धांत आचार्य शिष्याच्या कानात सांगून मोकळे होत नसत. चव्हाट्यावर बसलेल्या खाटकाने गाय कापून तिचे वाटे मांडले की त्याच्या मनातली ‘गाय’ ही संज्ञा नाहीशी होऊन ‘मांस’ एवढीच उरते, या जुन्या दृष्टांताप्रमाणे शिष्याने स्वतःच्या देहाची पृथ्वी, आप, तेज, वायू अशी वाटणी आपणच करून पाहायची असे.

हा सारा व्यवहार एकेकाळी सह्याद्रीतही चालत असला पाहिजे. कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांत दगडी बाके, पाण्याच्या टाक्या आणि एकट्या माणसापुरत्या खोल्या आजही आहेत. आचार्य-शिष्यांची मालिका मात्र मध्ययुगात तुटली, आणि विषय मागायला जावे असे कोणी या भूमीत उरले नाही.

म्हणूनच गोव्यातील साखवाळ गावच्या एका तरुणाला तो शोध समुद्रापार न्यावा लागला. धर्मानंद कोसंबी, जन्म 1876 चा, नारळीच्या बागायतीत राबणाऱ्या घरातले, शाळेचे शिक्षण बेताचे. मराठीत वाचायला मिळालेल्या बुद्धचरित्राने त्यांचे मन असे घेरले की 1899 च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट, काशीत अन्नछत्रावर जेवून संस्कृताचे अध्ययन, नेपाळात झालेली घोर निराशा, बुद्धगया, कलकत्ता, आणि 1902 साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हस्ते श्रामणेर-दीक्षा, असा त्यांचा प्रवास ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे आणि तो मराठी वाचकाला बऱ्यापैकी ठाऊकही आहे. त्यातला जो मुक्काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो मात्र सहसा दोन ओळींत उरकला जातो. 1904 च्या सुमारास ब्रह्मदेशात, इरावतीकाठच्या सगाईंगच्या डोंगरात, कोसंबी एका जर्मन भिक्षूसह ध्यानाला बसले. हा भिक्षू ज्ञानतिलोक, पूर्वाश्रमी व्हायोलिनवादक, हाही असाच वाटाड्या शोधत युरोपातून निघालेला; आणि ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ते दोघे बसले, त्या भिक्षूंना लोक अर्हत मानीत. म्हणजे बुद्धघोषांच्या उतरंडीत हयात माणसांपैकी सर्वांत वरची पायरी, लोकमतापुरती का होईना, या गोमंतकीयाला लाभली होती.

पण तेथे ते राहिले नाहीत. 1906 साली हिंदुस्थानात परतून त्यांनी चीवर उतरवले, कलकत्त्यात पालि शिकवले, मग ती चाकरी सोडून सयाजीराव गायकवाडांचे दरमहा 50 रुपयांचे साहाय्य पत्करले, आणि 1910 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन हात घातला तो वॉरन या दिवंगत पंडिताने अर्धवट सोडलेल्या विसुद्धिमग्गाच्याच संपादनाला. साधकाने ध्यानापूर्वी तोडावयाचे जे दहा ‘पलिबोध’, म्हणजे अडथळे, त्या ग्रंथात सांगितले आहेत, त्यांत विहार, कुल, लाभ यांच्याबरोबर ‘ग्रंथ’ हाही एक अडथळा मोजला आहे. आणि आचार्य शोधायला निघालेल्या या पुरुषाच्या आयुष्याची कितीतरी वर्षे हस्तलिखितांतले पाठभेद लावण्यात गेली. याला कोणी पराभव म्हणेल. मी म्हणणार नाही. मराठी साधकाला विषय मागायला कोणी नाही, हे ज्याने सोसले होते, त्याने 1925 साली ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक लिहून ती कम्मट्ठाने मराठीत आणून ठेवली, आणि उतरंडीच्या खालच्या पायरीवरचा कल्याणमित्र होण्याचे काम पत्करले. विसुद्धिमग्गाची नागरी प्रत त्यांनी 1940 साली काढली. हार्वर्डची प्रत 1950 साली निघाली तेव्हा सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवलेल्या कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती.

ब्रह्मदेशातली हयात परंपरा इकडे पोचली ती निराळ्याच वाटेने. रंगूनच्या सरकारी हिशेबखात्याचे मुख्याधिकारी ऊ बा खिन यांनी दप्तर सांभाळता सांभाळता ध्यान शिकवले. त्यांच्याकडे मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका 1955 साली गेले. आणि 1969 साली गोयंकांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. 1976 पासून इगतपुरीच्या डोंगरपायथ्याशी त्यांचे केंद्र चालू आहे. तेथे शिबिराच्या आरंभी साधक अजूनही पालि भाषेत आपला अत्तभाव बुद्धांच्या आणि आचार्यांच्या हवाली करतो. दंतकाष्ठाचा विधी तेवढा राहिलेला नाही. आणि बुद्धघोषांच्या काळी नुसता विषय मागण्यापूर्वी जे दहा दिवस काढावे लागत, तेवढ्यात आता सबंध शिबिर आटोपते.