कादंबरीवाचन आणि घराचा इतिहास

बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून मराठींत एका संपूर्ण वाङ्मयप्रकारास नांव मिळालें. परंतु बाणाची कृति संस्कृतज्ञ रसिकांसाठीं होती. मराठी कादंबरी माजघरापर्यंत पोंचली. हा पालट इतिहासाभ्यासकांनीं लक्षपूर्वक पाहावा, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं श्रीधराचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ घरांत एकजण वाची व इतर ऐकत. त्यांत पुण्य मुख्य, रंजन आनुषंगिक. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांची दुःस्थिति दाखविण्याच्या हेतूनें लिहिलेलें; लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुत प्रसंगांनीं भरलेली. १८९० मध्यें हरि नारायण आपटे यांनीं साप्ताहिक काढिलें, त्याचें नांवच 'करमणूक'! त्यांत क्रमशः आलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो' ह्या कादंबरींत यमू आपली कहाणी स्वमुखें सांगते. म्हणजे जिचें घरांत कोणी ऐकत नसे, तिचें बोलणें करमणुकीच्या वाटेनें त्याच घरांत शिरलें.

ही करमणूक सर्वांस सारखी मिळत नव्हती. घरांतील वडील बायकांचा रोष सोसून आपण कशा शिकलों, हें रमाबाई रानडे यांनीं १९१० च्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. पुरुषाचें वाचन तो विरंगुळा, स्त्रीचें तें धाडस!

दप्तरांत मोहिमा, वतनें, तंटे सांपडतात. जेवणानंतरची निवांत दुपार सांपडत नाहीं. म्हणून वाचकांस आमची विनंति, कीं जुन्या घरांतील फाटक्या कादंबऱ्या रद्दींत घालूं नयेत. त्यांवरील नांवें, तारखा व समासांतील हस्ताक्षरें हींही इतिहासाचीं साधनेंच होत.