वर्गातील अबोल मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी : शिक्षकांना उपयुक्त साधने, पद्धती आणि वाचन



वर्गात प्रश्न विचारला की हात वर करणारी मुले बहुधा तीच ती असतात. त्यांच्या उत्तरांवरून वर्गाला धडा समजला असे गृहीत धरले जाते आणि शिकवणे पुढे सरकते. जी मुले गप्प बसली होती, त्यांना काय उमगले नाही हे पुढे उत्तरपत्रिका तपासतानाच लक्षात येते. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

आज शाळाशाळांतून प्रोजेक्टर, डिजिटल फळे आणि टॅब आले आहेत. यांतील काय स्वीकारावे आणि काय बाजूला ठेवावे, हे ठरविण्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे : या साधनामुळे अबोल मुलाची अडचण शिक्षकाला आजच्या आज कळते का? या कसोटीस उतरणारी काही साधने, पद्धती व पुस्तके यांचा परिचय येथे करून देत आहोत.

१) तंत्रज्ञान

क्यूआर कोड : सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून मुलांना कवितांचे ध्वनिमुद्रण, चित्रफिती व स्वाध्याय उपलब्ध करून दिले. त्यांच्या कार्याबद्दल २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरही पुस्तकातील कोडच्या आधारे पाठांचे साहित्य मिळते. ते एकदा मोबाईलवर उतरवून घेतले की वर्गात इंटरनेट नसले तरी चालते.

मात्र एक पथ्य पाळावे. ‘घरी जाऊन कोड पाहा’ असे सांगितले, तर ज्याच्या घरी मोबाईल मोकळा आहे तो दोनदा शिकतो आणि ज्याच्या घरचा एकमेव मोबाईल वडिलांसोबत कामावर जातो तो एकदाही शिकत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत हे अंतर सर्वांनी पाहिले. म्हणून शक्यतो हे साहित्य शाळेतच दाखवावे.

प्लिकर्स : यात मुलांच्या हाती मोबाईल लागत नाही. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड दिले जाते. कार्डावरील आकृतीच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल आपले उत्तर ज्या बाजूला असेल ती बाजू वर धरते. शिक्षक आपला मोबाईल वर्गावरून फिरवतात आणि कोणाचे काय उत्तर आहे ते क्षणात नोंदले जाते. प्रत्येक कार्डावरील आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड असते, आणि चुकलेल्या मुलाला चारचौघांत ओशाळावे लागत नाही. मुलांची पूर्ण नावे न भरता केवळ हजेरी क्रमांक भरावेत, हे इष्ट.

२) अध्यापनाच्या पद्धती

तीन सेकंद थांबणे : अमेरिकन संशोधिका मेरी बड रो यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद वाट पाहतात. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढविली तेव्हा मुलांची उत्तरे अधिक विस्तृत झाली, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. या उपायास एक पैसाही खर्च येत नाही.

शेजाऱ्याशी चर्चा : हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ साली ही पद्धत सुरू केली. प्रथम प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचे. नुकताच समजलेला विद्यार्थी आपल्या सोबत्याची अडचण अनेकदा शिक्षकापेक्षा लवकर ओळखतो. प्लिकर्सची कार्डे येथे चांगली उपयोगी पडतात.

आठवून लिहिणे : रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्यानंतर त्यांच्या स्मरणात ४२ टक्के मजकूर उरला होता, तर आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ५६ टक्के. तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे पुस्तक मिटून चिठ्ठीवर चार ओळी लिहून घ्याव्यात. गुण देऊ नयेत. त्या चिठ्ठ्या वाचूनच उद्याचा तास आखावा.

३) उपयुक्त वाचन

प्रिय बाई : फादर लोरेन्झो मिलानी हे इटलीतील धर्मगुरू. १९५४ साली त्यांची नेमणूक फ्लॉरेन्सजवळील बार्बियाना या डोंगरी वस्तीत झाली. शाळेने नापास करून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांनी तेथे शिकविले. त्यांच्या शाळेच्या भिंतीवर ‘आय केअर’, म्हणजे ‘मला तुझी काळजी आहे’, असे शब्द होते. आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले हे पत्ररूपी पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्यांची लेखनपद्धतीही अनुकरणीय आहे : एका चिठ्ठीवर एकच विचार लिहायचा, सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, त्यांचा क्रम लावायचा आणि अनावश्यक शब्द गाळायचे. निबंध लिहायला घाबरणाऱ्या मुलाची एक चिठ्ठी तरी त्यात असतेच. फादर मिलानी त्याच वर्षी निवर्तले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी बार्बियाना येथे त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

तोत्तोचान : तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ सालचे जपानी पुस्तक, मराठीत उपलब्ध. एका शाळेने काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे मुख्याध्यापक कोबायाशी कित्येक तास शांतपणे ऐकून घेतात, हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाने वाचावा.

दिवास्वप्न : गिजुभाई बधेका यांचे मूळ गुजराती पुस्तक. सामान्य शाळेतील चौथीच्या वर्गावर एक शिक्षक वर्षभर जे प्रयोग करतो, त्यांची ही कथा आहे. अपयशाने निघालेल्या पहिल्या दिवसाचे वर्णन नव्या शिक्षकास धीर देईल.

किशोर : ‘बालभारती’चे १९७१ पासूनचे मासिक. वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्यास उत्तम.

हे सर्व एकदम करू पाहणे व्यर्थ होय. या आठवड्यात वर्गातील जी पाच मुले महिनाभरात एकदाही बोललेली नाहीत, त्यांचे हजेरी क्रमांक वहीत लिहावेत. वरीलपैकी एकच उपाय निवडावा, आणि महिनाअखेरीस त्या पाच क्रमांकांपुढे काय लिहिता येते ते पाहावे. काहीच लिहिता आले नाही, तर उपाय बदलावा.