गूळ : आहारमूल्य

उसाचा रस आटवून व घोटून तयार केलेला, मळीसकट घट्ट झालेला गोड पदार्थ. साखरेऐवजी आरोग्यदायी म्हणून त्याची शिफारस सर्रास केली जाते. रासायनिक संघटन पाहता मात्र ही शिफारस फार थोड्या अंशी खरी ठरते.

घाण्यातून निघालेला रस काहिलीत ओतून चिपाडांच्या जाळावर उकळतात, जंगली भेंडीच्या चिकट पाण्याने त्यातील गाळ वर आणून काढून टाकतात आणि रस पुरेसा आटला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहतो. त्याची घट्ट गोळी झाली की काहील उतरवली जाते. त्याआधीच, सुमारे 105° से.ला, उतरवलेला पातळ पाक म्हणजे काकवी. साखर कारखान्यात याच रसातून शुद्ध सुक्रोजाचे स्फटिक यंत्राने वेगळे केले जातात व लोह, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही खनिजे मळीबरोबर निघून जातात. गुळात ती राहतात, आणि दोहोंतील फरक एवढाच आहे. गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज व त्याच्या विघटनाने झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचाच असतो, खनिजे जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरतात आणि 100 ग्रॅ. गुळापासून साधारण 350 ते 380 किलोकॅलरी, म्हणजे साखरेहून किंचितच कमी, ऊर्जा मिळते.

गुळाची ख्याती मुख्यतः लोहावर उभी आहे. लोहाचे प्रमाण ऊस, पाणी व लोखंडी काहील यांनुसार बदलत असले, तरी 100 ग्रॅ.मध्ये ते ठोकळमानाने 3 ते 5 मिग्रॅ. धरता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिग्रॅ. लोह लागते, ते केवळ गुळातून मिळवायचे तर रोज अर्ध्या किलोहून अधिक गूळ खावा लागेल. वनस्पतिजन्य लोह आधीच कमी शोषले जाते, शिवाय चहातील टॅनिने त्यात आणखी अडथळा आणतात, त्यामुळे रक्तवाढीसाठी गुळाचा चहा हा उपाय फसवाच म्हणावा लागतो. बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या अहळिवाच्या लाडवांत लोह असते खरे, पण ते प्रामुख्याने अहळिवाचे. श्रेय मात्र बहुधा गुळाला मिळते.

रक्तशर्करेच्या बाबतीत गूळ निर्धोक नाही, कारण त्यातील शर्कराही झपाट्याने शोषल्या जातात. मधुमेही व्यक्तीने तो साखरेइतकाच मोजून खावा लागतो. मुक्त शर्करा, म्हणजे अन्नपेयांत वरून घातलेल्या तसेच मध, पाक व फळांचे रस यांतील शर्करा, एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, शक्यतो 5 टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवले. 2,000 किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे 50 व 25 ग्रॅ. येते. पुरणात वा चिक्कीत घातलेला गूळ याच हिशेबात बसतो. तपकिरी साखरेचा तर दावाच तोकडा आहे, कारण पुष्कळदा ती पांढऱ्या साखरेला मळी चोपडून केलेली असते. आयुर्वेदीय ग्रंथांतही गुळाची सरसकट स्तुती नाही. भावप्रकाशात नव्या गुळापेक्षा जुना गूळ पचण्यास हलका व पथ्यकर मानला आहे.

गुळाची प्रत ठरवताना ग्राहक पिवळ्याधमक रंगाला भुलतो आणि व्यापारी भावही त्यावरच ठरत असल्याने रसात सोडियम हायड्रोसल्फाइट (गुऱ्हाळावरील भाषेत ‘हायड्रोस’) घालून रंग उजळवला जातो, ज्यामुळे गुळात गंधकाचे अंश राहतात. गंधकाला संवेदनशील असलेल्या दमेकऱ्यांना ते बाधू शकतात, म्हणून अन्न मानकांत गुळातील सल्फर डायऑक्साइडावर मर्यादा घातलेली आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला असला, तरी रसात साखर मिसळून ढेपा पाडण्याच्या तक्रारी त्या भागातही होत आल्या आहेत, आणि अशा ढेपेत गुळाचा म्हणून जो थोडा खनिजांचा लाभ, तोही घटतो. हायड्रोसने आणलेला पिवळेपणा टिकाऊ नसतो. साठवणीत, विशेषतः दमट हवेत, तो उतरून ढेप पुन्हा काळवंडते.