मत्स्यालयातील संघर्ष : न जुळणारे मासे एकत्र आले तर

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत नवा मासा सोडला जातो. पहिला दिवस शांततेत जातो आणि दोन-तीन दिवसांनी एखाद्या माशाची शेपटी कुरतडलेली दिसते. तो हीटरमागे किंवा पाण्याच्या पृष्ठभागालगत निश्चल राहतो, अन्नाकडे वळत नाही, त्याचा रंग फिका पडतो. अनेक घरांत यास आजार समजून पाण्यात औषध ओतले जाते. पुष्कळदा तो मासा आजारी नसतो. तो पराभूत असतो. नदीत किंवा तळ्यात पराभूत मासा पळून जातो आणि भांडण तेथेच संपते. टाकीत पळून जाण्यास जागा नसते. त्यामुळे एरवी काही क्षणांत मिटणारा संघर्ष येथे मृत्यूपर्यंत जाऊ शकतो.

हल्ल्याचे तीन प्रकार

मोठ्याने लहानाला गिळावे, हा 'मत्स्यन्याय' मराठी वाचकास परिचित आहे. टाकीतील प्रत्येक हल्ला मात्र त्या न्यायाने होत नाही. हल्ल्याचे कारण ओळखल्याखेरीज उपाय ठरवता येत नाही.

पहिला प्रकार भक्ष्याचा. एंजल आणि निऑन टेट्रा हे दोन्ही मासे मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातील. दुकानात दोघेही लहान असतात आणि एकत्र शोभून दिसतात. पुढे एंजलची लांबी सुमारे 15 सेंटीमीटरपर्यंत जाते. निऑन जेमतेम 3 ते 4 सेंटीमीटरचाच राहतो आणि एके रात्री नाहीसा होतो. ऑस्कर तर 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. तोंडात मावेल तो मासा भक्ष्यच ठरतो. येथे सवय लावण्याचा प्रश्न येत नाही. वेगळी टाकी हाच उपाय.

दुसरा प्रकार हद्दीचा. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक या लहान माशावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विणीच्या काळात या माशाच्या नराचे पोट लाल होते. टिनबर्गन यांनी नरांपुढे निरनिराळ्या प्रतिकृती धरल्या, तेव्हा हुबेहूब माशासारख्या पण लाल रंग नसलेल्या प्रतिकृतीपेक्षा खालची बाजू लाल असलेल्या ओबडधोबड प्रतिकृतीवर नर अधिक तुटून पडत. वर्तनविषयक संशोधनासाठी टिनबर्गन यांना 1973 साली कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती टाकीसाठी या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे : हद्द राखणारा मासा पुष्कळदा खुणेवर हल्ला करतो. म्हणूनच फायटरचा नर आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावरही कल्ले फुलवून धावून जातो, आणि लांब, रंगीत परांच्या गप्पीलाही कधीकधी प्रतिस्पर्धी समजतो. अंडी किंवा पिल्ले राखणारी सिक्लिडची जोडी एरवी शांत असली, तरी त्या काळात अर्धी टाकी ताब्यात घेते.

तिसरा प्रकार पर कुरतडण्याचा. टायगर बार्ब हा थव्याने राहणारा मासा आहे. थव्यात वरचढपणाची चढाओढ सतत चालते. दोन-तीनच बार्ब ठेवले तर तीच चढाओढ एंजल किंवा फायटर यांच्या लोंबत्या परांकडे वळते. आठ-दहा बार्ब ठेवल्यास ती बहुतांशी थव्यातच जिरते. तरीही लांब परांचे, संथ मासे त्यांच्यासोबत न ठेवणेच इष्ट.

पहिल्या काही तासांत

जखमी मासा दिसताच प्रथम दोघांना विलग करावे. छिद्रे असलेला दुभाजक किंवा टाकीत टांगण्याची जाळीची पेटी तात्पुरती पुरेशी होते. जखमी माशाला सर्वांच्या नजरेआड, मंद प्रकाशात ठेवावे. पाण्यातील अमोनिया व नायट्रेटची तपासणी करून सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. नव्या पाण्याचे तापमान जुन्याइतकेच असावे आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिन काढलेले असावे. परांच्या साध्या जखमा स्वच्छ पाण्यात बहुधा आपोआप भरून येतात. जखमेवर कापसासारखा पांढरा थर दिसला किंवा पर मुळापर्यंत झडू लागले, तरच औषधाकडे वळावे. एखादा मासा मेला असल्यास तो त्वरित काढावा. कुजणाऱ्या शरीरामुळे अमोनिया वाढतो आणि उरलेले मासेही संकटात येतात.

टाकीची फेरमांडणी

हद्दीचे भांडण असल्यास आक्रमक माशाला काही दिवस वेगळे ठेवावे आणि तेवढ्यात टाकीतील दगड, लाकूड व वनस्पती यांच्या जागा बदलाव्यात. परत आल्यावर त्याला जुनी हद्द सापडत नाही. सर्वांनाच नव्याने सुरुवात करावी लागते. दृष्टीची सरळ रेष तोडणारे अडसर आणि माशांच्या संख्येपेक्षा अधिक आडोसे असावेत. प्रत्येक आडोशाला दोन वाटा ठेवाव्यात, अन्यथा लपलेला मासा आतच कोंडला जातो. अन्न एकाच कोपऱ्यात न टाकता दोन-तीन ठिकाणी टाकावे.

नवे मासे सोडताना दिवे मंद करावेत आणि जुन्या माशांना आधी खाऊ घालावे. हद्द राखणारा मासा सर्वांत शेवटी आणावा. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावरील सिक्लिड काही जण मुद्दाम दाटीने ठेवतात, म्हणजे एकट्या माशावर रोख राहत नाही. मात्र त्यासाठी मोठी टाकी, समर्थ फिल्टर आणि वरचेवर पाणी बदलण्याची शिस्त लागते. लहान टाकीत हा प्रयोग करू नये.

खरेदीपूर्वी

दुकानातील माशाची लांबी न पाहता पूर्ण वाढीची लांबी विचारावी. आकारमान तपासताना एककाकडेही लक्ष द्यावे : अमेरिकी गॅलन सुमारे 3.8 लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन सुमारे 4.5 लिटरचा असतो. 20 गॅलनची शिफारस अमेरिकेत 76 लिटर, तर ब्रिटनमध्ये 91 लिटर होते. फायटर हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्याने लहान कपात तग धरतो. त्यावरून त्याला तेवढीच जागा पुरते असा निष्कर्ष काढू नये. फ्लॉवरहॉर्न हा संकरित सिक्लिड शुभ मानून घरी आणला जातो, परंतु तो एकटाच ठेवावा लागतो. भारतात काही आठवड्यांसाठी जायचे असेल, तर त्याआधीच्या पंधरवड्यात नवा मासा आणू नये. टाकीतील वैर उघड होण्यास वेळ लागतो आणि तेव्हा घरात पाहणारे कोणी नसते.

मासा ठेवणे अशक्य झाल्यास

सर्व उपाय करूनही काही मासे एकत्र राहत नाहीत. अशा वेळी माशाला दुसरे घर शोधून देणे हेच जबाबदारीचे ठरते. अनेक दुकाने मासे परत घेतात. स्थानिक मत्स्यप्रेमी मंडळेही मदत करतात. नदीत किंवा तलावात सोडणे ही दया नव्हे. ब्रिटनमध्ये परदेशी प्रजाती निसर्गात सोडणे 1981 च्या वन्यजीव कायद्यान्वये गुन्हा आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यालगत 1985 साली प्रथम नोंदला गेलेला लायनफिश मूळचा हिंद-प्रशांत महासागरातील. तो मत्स्यालयांतून तेथे पोहोचला असे मानले जाते, आणि आज कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांवरील लहान मासे तो फस्त करतो. टाकी स्वच्छ ठेवतो म्हणून आणलेला सकर मासाही असाच भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. टाकीतील भांडण टाकीबाहेर ढकलल्याने ते मिटत नाही. त्याची किंमत तेथील मासे मोजतात.